जात्याच्या चालीवरचे स्तोत्र

त्या वर्षी मी देवाशी बोलणे जवळजवळ टाकले होते. प्रार्थनेला डोळे मिटायचे, ओठ हलवायचे, पण आत राग धुमसत असायचा. आमच्या परतूरच्या ख्रिस्ती मंडळीत न गाणारी माणसे काय कमी होती? त्यातला एखादा मुका झाला असता तर कोणाच्या लक्षातही आले नसते. नेमका आमच्याच घरचा गळा त्याला दिसावा, याचा जाब मला हवा होता, आणि तो कोणी देत नव्हते.

हे, म्हणजे माझे यजमान, जिनिंगात कामाला होते. आठवडाभर कापसाच्या धुळीत खोकत राहायचे, पण रविवारी उपासनेत स्तोत्र सुरू झाले की तो खोकला कुठे पळायचा कोण जाणे. आमच्यात पुष्कळांना वाचता येत नसे, म्हणून स्तोत्रे गाऊन गाऊनच पाठ व्हायची. एका घराने ओळ उचलायची, बाकीच्यांनी झेलायची. प्रत्येक स्तोत्राला आपली ठरलेली चाल होती, एकाला जात्यावरची, एकाला मळणीची, एकाला भजनाची. या चाली माझ्या सासऱ्यांनी लावलेल्या, आणि त्यांच्यामागे राखण यांच्याकडे आलेली. कोणी जरा इकडचे तिकडे केले की हे हात आपटून भर उपासनेत थांबवायचे. एकदा तर पाळकसाहेबांनाच थांबवले. वर मला म्हणाले, "देवाला तक्रार चालते, बेसूर चालत न्हाई." या हट्टापायी मी यांना किती चिडवले असेल, त्याला गणती नाही.

एका सकाळी सदऱ्याची बटणे लावता लावता यांचा उजवा हात गळून पडला आणि तोंड वाकडे झाले. जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हातपाय सुधारतील, बोलण्याचे काही सांगता येत नाही. घरी आलो तेव्हा यांच्याजवळ एकच शब्द उरला होता, 'बराबर'. पाणी हवे असले तरी बराबर, चहा नको असला तरी बराबर, आणि मला काही कळले नाही की रागाने थरथरत पुन्हा बराबर. सुरुवातीला मी हसून वेळ मारून न्यायची. मग यांनी तोही शब्द टाकला आणि भिंतीकडे तोंड करून पडू लागले. ताटातली भाकरी तशीच राहायची. लकव्यातून माणूस वाचला होता, पण हे असेच भिंतीकडे पाहत राहिले तर हातचे जाणार, हे मला स्पष्ट दिसत होते.

अशात स्तोत्र उचलायची आमच्या घराची पाळी आली. पाळकसाहेब घरी येऊन म्हणाले, "बाई, तुमची पाळी पुढं ढकलू." मी हो म्हणणारच होते, पण यांच्या आत्या शेजारी बसल्या होत्या.

"काहून ढकलायची?" आत्याबाई म्हणाल्या. "बोलणं त्याचं गेलंय, घराचं न्हाई गेलं. तू उचल. अन् त्याला बी घेऊन चल."

"मला न्हाई यायचं, आत्याबाई."

"इतकी वरसं झेलून राह्यलीस ना? मंग बिलकुल येतंय."

आमच्याकडे स्तोत्रे क्रमाने येतात, निवडता येत नाहीत. वाट्याला आले ते एका आजारी माणसाचे, रडून रडून अंथरूण भिजवणाऱ्याचे. देव चेष्टाच करतो आहे असे मला वाटले. शनिवारी ज्वारी निवडत ते मनात घोळवत बसले, तेव्हा पहिल्यांदाच माझे शब्दांकडे लक्ष गेले. इतकी वर्षे मी नुसती ओळीमागे ओळ झेलत आले होते. हा माणूस तर देवाशी भांडत होता, अजून किती वेळ लावणार म्हणून विचारत होता. आणि त्याला कोणी गप्प केले नव्हते, उलट त्याचे भांडण आमच्याकडून दर फेरीला गाऊन घेतले जात होते. माझ्यासारखे आधीही कोणी होऊन गेले, एवढ्यानेच मला जरा हलके वाटले.

रविवारी यांना टांग्यातून नेले आणि भिंतीजवळ खुर्चीवर बसवले. यांनी मान वर केली नाही. मी उभी राहिले, आणि घाबरून ओळ उचलली ती मळणीच्या चालीत. ती चाल सुगीच्या स्तोत्राची. दुसऱ्या शब्दालाच मला कळले, पण थांबता येईना. आमची मंडळी मोठी गुणी, दिली ती चाल त्यांनी झेलली. ढोलकीवाल्याने ठेका धरला, पोरी टाळ्या वाजवू लागल्या. तो आसवे गाळणारा बिचारा माणूस खळ्यातल्या बैलासारखा धावू लागला.

तेवढ्यात खुर्चीच्या हातावर जोरात थाप पडली. ढोलकी थांबली. हे डाव्या हाताने खुर्ची बडवत होते आणि माझ्याकडे डोळे वटारून म्हणत होते, "बराबर, बराबर." कोणाला काही उमगेना, मला मात्र सगळे समजले. अशा रागाने यांनी माझ्याकडे कितीतरी दिवसांत पाहिले नव्हते. मग यांनी तोंड उघडले, आणि जात्याच्या संथ चालीत ती ओळ पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत गायली. आवाज फाटका होता, ओठाच्या कडेने लाळ गळत होती, पण एकही शब्द सुटला नाही.

ओळ झेलायचे कोणाला भान राहिले नाही. आधी आत्याबाईंनी रडत रडत झेलली, मग सगळ्यांनी. मी खाली बसले. माझ्याने काही गाववले नाही.

पुढे डॉक्टर म्हणाले, असे होते कधीकधी, बोलणे जाते पण गाणे राहते. मी बरे म्हटले. ते खरेच असेल, पण माझी प्रार्थना काही त्याने लहान होत नाही. रागारागाने का होईना, आतून मी यांचा जुना आवाज मागत होते. तो आला नाही, साधे बोलणेही फारसे आले नाही. पण त्याच संध्याकाळी यांनी जात्याच्या चालीत पाणी मागितले, मग भाकरी मागितली, आणि ताट पुसून जेवले. आता आमच्या घरी चहासुद्धा गाऊन मागितला जातो, शेजारणी हसतात आणि मीही हसते. काय द्यायचे ते त्याने ठरवावे, असे मी देवाला सांगून टाकले आहे.

पाळी अजूनही येते. चाली मला आता सगळ्या बराबर येतात. तरी पहिली ओळ मी चुकीच्या चालीत उचलते. मंडळीतले कोणी ती झेलत नाही. ढोलकीवाला हात वर धरून थांबतो, आणि आम्ही सगळे भिंतीजवळच्या खुर्चीकडे पाहत राहतो.