मापाचा सायलेन्सर

शहापूर तालुक्यात त्या काळी स्पोर्ट्स कार बहुधा एकच होती, आणि तिचं डाव्या बाजूचं दार सुतळीने बांधलेलं होतं. ती कार माझी होती.

दोन हजार तीन-चारची गोष्ट. मी एका कारखान्यात सुपरवायझर होतो आणि माझं लग्नाचं वय उलटायच्या बेतात होतं. अशा वेळी माणूस घराला रंग काढतो. मी ठाण्याच्या एका गृहस्थाकडून दोन दारांची, लाल, जमिनीला टेकलेली आणि भरपूर वापरलेली गाडी घेतली. तिच्यात आधी डोकं घालायचं की आधी पाय, हे बाबांना कधीच कळलं नाही. ते आधी कंबर घालत, मग उरलेले बाबा आम्ही आत ढकलत असू.

आठवड्याभरात किन्हवलीच्या रस्त्यावर एका खड्ड्यात गाडीचा सायलेन्सर गळून पडला. (मागून येणाऱ्या दूधवाल्याने तो पिशवीत भरून घरी आणून दिला, यावरून त्याची अवस्था ओळखावी.) नेमकं त्याच आठवड्यात मला स्थळ आलं. टोकावड्याच्या पुढच्या एका गावातली मुलगी, नाव वनिता, शिकलेली, वडिलांचा म्हशींचा धंदा. येत्या रविवारी बघायला जायचं ठरलं, आणि त्याआधी सायलेन्सर बसवणं भाग होतं.

इथे घरात दोन पक्ष पडले. मामा रोज मुंबईला कामाला जाणारा माणूस. त्याचं म्हणणं, रेडीमेड आणू. मुंबईच्या बाजारात खोक्यात घातलेला, चकचकीत, तांब्याएवढ्या तोंडाचा मिळतो. बाबांचं म्हणणं, शहापूरच्या गजामिस्त्रीकडून मापाचा बनवून घ्यायचा. गजामिस्त्री म्हणजे तालुक्याची निम्मी फाटकं आणि ट्रॉल्या वेल्डिंग करणारा माणूस. नवरदेवाचा कोट कोणी रेडीमेड घेतं का, असं बाबांनी विचारलं. हल्ली सगळे घेतात, असं मामा म्हणाला. मग तीन दिवस जेवताना कोटावरच वाद चालला, सायलेन्सर बाजूला राहिला. आईने एकदाच विचारलं की आवाज कुठल्याचा कमी येतो. बाबांनी तिच्याकडे आमटी मागितली.

मला कोणाला नाही म्हणता येत नाही. मी मामालाही हो म्हटलं आणि बाबांनाही. त्यामुळे शुक्रवारी मामा खोकं घेऊन आला तेव्हा गजामिस्त्री गाडीखाली टेप घेऊन झोपलेला होता. मामाचा माल हातभर जास्त लांब निघाला, तो दुसऱ्याच कुठल्या गाडीचा होता. मी तोड काढली. पुढची नळी आणि पोट मिस्त्रीचं, शेपटाकडचं चकचकीत तोंड मामाचं.

मिस्त्रीने खडू खाली ठेवला. "एकाचं धड न् दुसऱ्याचं तोंड?"

"दोघांचा मान राहील, मिस्त्री."

त्याने मान हलवली आणि आत जाळी आणि लोकर भरायची ना, असं विचारलं. आवाज दाबला जातो तो त्यानेच. आणि पूर्ण शुद्धीत असताना मी त्याला म्हणालो की आवाज जरा दमदार यायला हवा, पोट रिकामंच ठेवा. बिचाऱ्याने दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं. घरी कोणाला यातलं काही माहीत नव्हतं.

रविवारी निघालो. बाबा पुढे, आई आणि मामा मागे घडी करून. गाडी चालू झाली आणि शेजारच्या परड्यातली कोंबडी आंब्यावर जाऊन बसली. वाटेत बोलणं अशक्य होतं. बाबा सरळगावला जे बोलले ते आम्हाला टोकावड्याला थांबल्यावर कळलं. (त्यांना लघवीला जायचं होतं.) पण आवाजाचा दोघांनाही अभिमान होता. मामा तोंडाकडे बोट दाखवायचा, बाबा पोटाकडे.

मुलीच्या अंगणात पोचलो ती दूध काढायची वेळ. खुर्च्या मांडलेल्या, मुलीचे वडील स्वागताला पुढे आलेले. तेवढ्यावर थांबायचं, तर मी गाडी बंद करण्याआधी शेवटचा एकदा ॲक्सिलरेटर दाबला. फक्त एकदा. रिकाम्या पोटातून असा बार निघाला की गोठ्यातल्या सगळ्यात दुभत्या म्हशीने दावं तोडलं, खुर्च्यांमधून सरळ वाट काढली आणि ती कापणी झालेल्या भातशेतात धावत सुटली. तिच्यामागे मुलीचे वडील, त्यांच्यामागे नवे बूट घातलेला मी.

बांधावर मी आडवा झालो. मान वर केली तेव्हा पदर खोचलेली एक मुलगी म्हशीच्या समोर उभी होती आणि तिच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत होती. म्हैस थांबली. मुलगी बघण्याचा कार्यक्रम इथेच उरकला, कारण तीच वनिता. तिने दोरी माझ्या हातात दिली.

"हिची पाठ चोलत ऱ्हावा," ती म्हणाली. "मी सांगेपर्यंत थांबायचं नाय."

मी तासभर म्हैस चोळली. पोहे मला गोठ्यात आणून दिले. तोवर वनिताने एक काठी घेऊन सायलेन्सरच्या तोंडात घातली. काठी अडथळ्याशिवाय आत गेली. आत काहीच नसल्याचं तिने वडिलांना दाखवलं.

झालं! आत्तापर्यंतचा अभिमान कुठल्या कुठे गेला. बाबा म्हणाले दोष तोंडाचा, मामा म्हणाला पोटाचा. मग दोघांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं, की गजामिस्त्रीने फसवलं. उद्या त्याच्या दुकानात जाऊन चारचौघांत त्याला जाब विचारायचा, असंही ठरलं. मुलीचे वडील मान डोलवत होते. मी गप्प राहिलो असतो तर माझ्यावर काही आलं नसतं. पण दोनदा विचारणारा तो माणूस डोळ्यांसमोर आला आणि चोळता चोळता मी बोलून गेलो.

"मिस्त्रीचा दोष नाय. रिकामा ठेवा म्हणून मीच सांगितलं."

सगळे माझ्याकडे वळले. "कशाला?" वनिताने विचारलं.

"आवाज यावा म्हणून."

तिने एकदा तुटलेल्या दाव्याकडे पाहिलं. "आला," ती म्हणाली.

म्हशीने त्या संध्याकाळी दूध दिलं नाही. निघायची वेळ झाली तेव्हा यजमानांनी हात जोडून एकच विनंती केली, की मोठ्या रस्त्यापर्यंत गाडी चालू करायची नाय. वाटेत साऱ्या गावाच्या म्हशी. मग त्यांनी आपली बैलजोडी आणली आणि स्पोर्ट्स कारला जुंपली. आई, बाबा आणि मामा बरेच पुढे, आमची ओळख नसल्यासारखे चालत होते. मी आत एकटा, स्टिअरिंग धरून.

वनिताचे वडील माझ्या खिडकीशेजारून बैल हाकत होते. एका चढाला त्यांनी बैलांना चुचकारलं. मग समोर बघतच म्हणाले, "पोर हो म्हंते. खोटं नाय बोलला, म्हंते. आवाज तेवढा बंद करा."

मला आनंदाने हॉर्न वाजवावासा वाटला. वाजवला नाही, एवढी अक्कल तोवर आली होती.

पुढच्या वळणावर म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेसाठी गावोगाव बैल बघत फिरणारा एक व्यापारी भेटला. त्याने जोडी थांबवली, बैलांचे दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला आणि किंमत विचारली. विकायचे नायत, असं त्याला सांगण्यात आलं. तो हळहळला. मग पहिल्यांदाच त्याची नजर मागच्या लाल गाडीवर आणि आतल्या माझ्यावर गेली.

"मंग ह्या पावण्याला तरी उतरवा," तो म्हणाला. "चांगल्या बैलांना उगा वजन."

मी उतरलो आणि खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरून चालू लागलो. खरं सांगायचं तर त्यानंतर बैल बरेच भरभर चालले.