धनिया मागू नकोस

हजरतगंजच्या एका सभागृहात माझा आवाज रडत होता आणि मी तिसऱ्या रांगेत बसून समोसा खात होते. पडद्यावर माझा फोटो. खाली मोठ्या अक्षरांत: खोया हुआ बचपन. मागून एक बाई म्हणाली, "बेचारी!" मग चहूकडून च्च, च्च. मी समोसा खाली ठेवला.

मुलं मोठी कशी होतात यावर संशोधन करणाऱ्या मॅडम त्याआधी गोमती नगरहून तेलीबागला माझ्या घरी आल्या होत्या. मी अगदी खुशीत, हातवारे करून माझं लहानपण सांगितलं. बाप छावणीत झाडूवाला. आई बीडची, हिंदीचा गंध नाही. बाजारात मीच तिची दुभाषी. आई भाजीवाल्यावर कडाडायची, "मेल्या, ही सडकी भेंडी तुझ्या बायकोला घाल!" मी मान तिरकी करून म्हणायची, "भैया, अम्मा कह रही हैं, आपके जैसी सब्जी कहीं नहीं। थोड़ा धनिया डाल दीजिए।"

धनिया, म्हणजे कोथिंबीर, फुकट मिळायचा. आईला वाटायचं, आपल्या दरडावण्याचा प्रताप!

मॅडम पोट धरून हसल्या. डोळा मात्र रेकॉर्डरवर. तेव्हाच संशय यायला हवा होता. गोड बोलून काढून घ्यायची कला मी स्वतःच त्या बाजारात शिकले होते की!

मग इस्पितळ सांगितलं, तिथे रडू आलं. डॉक्टर आईकडे न बघता मला म्हणाले, "माँ को बता दो, पापा नहीं बचेंगे।" मी फ्रॉकमधली. तेवढं एकच वाक्य मी काही न बदलता मराठीत आणलं.

सभागृहात फक्त इस्पितळ वाजलं. भेंडी नाही, धनिया नाही. बाजार जिंकणारी ती लबाड पोरगी कापून टाकलेली. उरली झाडूवाल्याची बिचारी.

मी उठले. "मॅडम, सब्जीवाला कहाँ गया?"

"दीदी, वो हिस्सा विषय से बाहर था।"

माझं हसू विषयाच्या बाहेर! यांची मुलं दोन भाषा बोलली की हुशार. मी बोलले की बालपण हरवलं.

चहाच्या वेळी मॅडमनी हात धरला. "अब आपकी बिटिया से भी बात करनी है।"

लेक शेजारीच होती. तिला मराठी सगळी कळते, उत्तर हिंदीत. "मम्मी, कर लूँ?"

मी हात सोडवून घेतला. मुद्दाम मराठीत म्हणाले, "माझा आवाज काढून टाका. सगळा. रडणंसुद्धा. आणि ही बोलली, तर काय ठेवायचं, काय कापायचं, ते हीच ठरवेल. नाहीतर दार बंद."

मॅडम गोंधळून लेकीकडे बघू लागल्या.

"सांग यांना," मी लेकीला म्हणाले. "जसंच्या तसं. धनिया मागू नकोस."

तिने मागितला नाही.