पळालेल्या माणसाची जाहिरात

जामसंड्यात राहणाऱ्या नम्रता परब तालुक्यातल्या एका कॉलेजात अमेरिकेचा इतिहास शिकवायच्या. पाठ्यपुस्तक त्या क्वचितच उघडत. त्या काळच्या कागदांच्या झेरॉक्स मुलांच्या हातात देत आणि म्हणत, आधी वाचा, मग बोलू. स्टाफरूममध्ये याची थट्टा व्हायची. बाई मनावर घेत नसत.

गेल्या वर्षी आंब्याच्या हंगामात त्यांनी जुन्या वर्तमानपत्रातल्या जाहिराती वाटल्या, मालकांनी पळालेल्या गुलामांसाठी दिलेल्या. वय, उंची, पाठीवरचे वळ, पकडून देणाऱ्याला बक्षीस. हा कागद गुलामाबद्दल जास्त सांगतो की मालकाबद्दल, असं बाईंनी विचारलं. 

तास सुटल्यावर वर्गातली प्राजक्ता मागे रेंगाळली. तिनं मोबाइल पुढे केला. बागायतदारांच्या ग्रुपवर मेसेज होता: बागेतला नेपाळी गडी पळाला आहे, डाव्या भुवईवर वण, लंगडतो, दिसल्यास अडवून ठेवा, खूश करू. खाली तिच्याच वडिलांचा, दत्तप्रसादांचा नंबर.

"मॅडम, तो आधी लंगडत नाय होतो," ती हळू आवाजात म्हणाली. "बाबांनी मारल्यानी."

 मुलीचं नाव कुठेही न घेता बाईंनी पोलिसांत स्वतःच्या नावानं तक्रार दिली. पण गोव्याच्या हद्दीजवळ, इन्सुलीच्या नाक्यापाशी त्या गड्याला, धनबहादूरला, एका टेम्पोवाल्यानं ओळखलं आणि परत बागेत आणून सोडलं. चौकशीला पोलीस आले, तेव्हा मालक शेजारी उभा होता. धनबहादूरनं सांगितलं की तो झाडावरून पडला. तक्रार तिथंच संपली.

मेसेज बाईंपर्यंत कसा पोचला, हे दत्तप्रसादांनी ताडलं. प्राजक्ताचं कॉलेज बंद झालं, तिला कुडाळला आत्याकडे धाडलं. प्राचार्यांनी बाईंना बोलावून नेमलेलं तेवढंच शिकवा म्हणून बजावलं.

तरी एका रविवारी बाई बागेपाशी गेल्या. धनबहादूर फाटकाशी पेट्या रचत होता. त्याला काही मदत हवी का, असं त्यांनी विचारलं. त्यानं आधी घराकडे पाहिलं.

"आप थाने गईं, उस रात मुझे फिर मारा," तो म्हणाला. "अब मत आइए."

 बाई आलेल्या वाटेनंच परतल्या. पावसाळ्याच्या तोंडावर तो बागेत दिसेनासा झाला. घरी पोचला की आणखी कुठे गेला, हे कुणी विचारलं नाही. बाईंनी विचारलं, तर कुणी सांगितलं नाही.