आत्याच्या गळ्यातले तीन सर

आमच्या घरातल्या कुठल्याही फोटोत आत्या शोधायची असेल तर शेवटच्या रांगेत बघायचं. कुणाच्या तरी खांद्यामागून तिचा चेहरा तेवढा वर आलेला असतो. हनुवटीखाली काय आहे, ते आजवर एकाही फोटोत आलेलं नाही. आणि ही बाई गेली तीस वर्षं दुसऱ्यांचे गळे सजवते आहे!

तिचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. एक टेबल, एक दिवा, मण्यांचे डबे आणि गिऱ्हाइकांसाठी आरसा. तुटलेल्या माळा ओवून देणं हे मूळ काम, पण बायका येतात त्या तिच्या नजरेसाठी. घरातल्या चार माळा पिशवीत भरून आणतात आणि विचारतात, "या सगळ्या एकदम घालता येतील का हो?" नुसत्या घातल्या तर अर्ध्या तासात त्यांचा गुंता होतो आणि बाई समारंभ सोडून गुंताच सोडवत बसते. आत्या आधी कपड्याचा गळा बघते. मग दोन बोटं आडवी धरून मोजते. दोन सरांमध्ये दोन बोटांचं अंतर, हलका सर वर, जड खाली, आणि मागे सगळे एकाच कडीत. "खालचा जड असला की जागचा हलत नाही. मग वरचेही शहाण्यासारखे वागतात," असं ती सांगते.

ओवलेली माळ ती लगेच हातात देत नाही. नवा दोरा ताणतो, त्यामुळे माळ आधी स्वतःच्या गळ्यात घालायची, वरून कामाचा एप्रन बांधायचा आणि दोन तास आपलं काम करत राहायचं. दोरा नीट बसला की सैल पडलेलं ओढून घेऊन शेवटची गाठ मारायची. मी एकदा म्हटलं, पुतळ्याला का नाही अडकवून ठेवत? तर म्हणाली, "पुतळा वाकतो का? शिंकतो का? तो काय दोरा बसवणार, कपाळ!" म्हणजे शेकडो माळा तिच्या गळ्यात राहून गेल्या, पण सगळ्या एप्रनखाली. त्या घालून ती आरशासमोर कधी उभी राहिली नाही.

याचं कारण माझे बाबा. आत्या दहा वर्षांची असताना आजीची दुपदरी माळ घालून शाळेच्या कार्यक्रमाला निघाली होती. तिची मान आखूड, खांद्यात बसलेली. बाबा तेव्हा बारा वर्षांचे आणि भलतेच हुशार. ते ओरडले, "बघा बघा, कासवानं माळ घातली!" घर हसलं. आत्याही हसली आणि माळ काढून परत डब्यात ठेवून आली. बाबा तिला अजून लाडानं कासवच म्हणतात आणि तीही ओ देते. जेवणाच्या टेबलावर हा किस्सा मी निदान वीस वेळा ऐकलाय. मला तो कधीच आवडला नाही, हे इथे स्वच्छ सांगते.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी आत्याकडे एकच मागितलं. "फोटोत माझ्या शेजारी, पहिल्या रांगेत उभी राहा. आणि गळ्यात तीन सर घाल."

"शेजारी उभी राहीन. गळ्याचं सोड."

"का?"

"माझ्या गळ्यात जागा नाही गं," ती सुई ओवत म्हणाली. विषय संपला. मी लाख समजावलं, रुसून पाहिलं, शेवटी हात टेकले.

लग्न रविवारी होतं. त्याआधीच्या गुरुवारी एका शाळेच्या हेडबाई निवृत्त होत होत्या आणि चार वाजता त्यांचा निरोप समारंभ होता. त्यांनी तीन माळा आणल्या होत्या. एक आईची, एक पहिल्या पगारातली, एक शेवटच्या वर्गातल्या मुलींनी दिलेली, काचेच्या मण्यांची. तिन्ही एकत्र घालायच्या होत्या. हेडबाईंची मानही नावालाच, पण आत्याला गिऱ्हाइकाच्या गळ्याची भीती वाटत नाही. तिनं वरचा सरसुद्धा गळपट्टीच्या हाडाखाली घेतला, गळ्याचा खळगा मोकळा सोडला आणि खालचा सर छातीच्या मध्यापर्यंत लांबवला. शेवटच्या गाठीही मारून झाल्या. तरी खात्री करावी म्हणून तिन्ही सर गळ्यात घातले, वरून एप्रन बांधला. हेडबाई तीन वाजता येणार होत्या.

दीड वाजता मी शिंपीणबाईंकडून फोन केला, "आत्या, ड्रेसचा गळा बघायला ये ना." तिनं एप्रन खुंटीला अडकवला, कुलूप लावलं आणि बस पकडली.

बसमध्ये एक बाई तिच्याकडे टक लावून बघत होती. शेवटी न राहवून तिनं विचारलं, "कुठून घेतलंत हो? फारच सुरेख आहे."

आत्यानं मांडीवरची पिशवी उचलून दाखवली. "घरीच शिवलीय. आतून अस्तरपण आहे." बाई खिडकीबाहेर बघू लागली. कंडक्टरनंही नेहमीच्या 'ए मावशी'ऐवजी तिला 'मॅडम' म्हटलं. आज लोकांना झालंय तरी काय, असं मनाशी म्हणत आत्या उतरली.

ती दारात आली तेव्हा मी टाचण्या लावलेल्या ड्रेसमध्ये स्टुलावर उभी होते. मी बघतच राहिले. "आत्या! काय दिसतेयस!"

तिनं मागे वळून पाहिलं, कोण आलंय ते. मागे कोणीच नव्हतं. मग तिची नजर शिंपीणबाईंच्या मोठ्या आरशात गेली आणि ती थबकली. तीन सर, एकाखाली एक, जिथे असायला हवेत तिथेच. आखूड मान कुठे दिसतच नव्हती. दिसत होती एक ऐटबाज बाई. आत्याचा हात हळूच मधल्या सराकडे गेला. तिचा चेहरा पाहून मला रडू आलं. तेवढ्यात ती किंचाळली, "अगं बाई! हे तर हेडबाईंचं!"

पावणेतीन वाजले होते. मी टाचण्यांसकट टॅक्सीत बसले. टॅक्सीत माळा काढायला ती तयार नव्हती. धक्क्यात गुंता झाला तर सोडवायला वेळ कुठला? "तीस वर्षांचं नाव आज धुळीला मिळणार," असं ती सारखं पुटपुटत होती आणि माझ्या पायाला टाचण्या टोचत होत्या.

हेडबाई कुलपासमोर घड्याळ बघत उभ्या होत्या. आत्या धावत गेली. "चुकले हो बाई, घाईघाईत तशीच निघाले, हे काढते..."

"थांबा. हलू नका."

सगळा वर्ग गप्प करणारा आवाज तो. आत्या पुतळ्यासारखी उभी राहिली. हेडबाईंनी चष्मा लावून समोरून पाहिलं, बाजूनं पाहिलं. "माझ्यावरही असंच दिसेल?"

"अगदी असंच. तुमचा-माझा गळा एकाच घडणीचा आहे."

"मग तुम्ही रोज का घालत नाही?"

आत्या वळली आणि पिशवीत किल्ली शोधू लागली. तिनं कुलूप उघडलं, तिन्ही सर हेडबाईंच्या गळ्यात चढवले, मागची कडी लावली. हेडबाई आरशात स्वतःला बघून खुदकन हसल्या आणि वेळेवर गेल्या. माझा जीव भांड्यात पडला. आत्या मात्र आपल्या रिकाम्या गळ्यावर हात ठेवून आरशासमोर उभीच होती. मग तिनं फळीवरून एक जुना डबा काढला. त्यात तीस वर्षांत उरलेले सुटे मणी होते, गिऱ्हाइकं "राहू द्या" म्हणून सोडून गेलेले.

मी हळूच बाहेर जिन्यापाशी जाऊन उभी राहिले. मी काही बोलले असते तर तिनं तो डबा बंद केला असता.

रविवारी रजिस्टरवर सह्या झाल्या आणि फोटोवाल्यानं सगळ्यांना हॉलच्या पायऱ्यांवर उभं केलं. आत्या अजून आतच होती. मागची कडी स्वतःची स्वतःला लागत नाही, म्हणून तिनं दारातून बाबांना हाक मारली. मीही मागोमाग गेले. तिच्या गळ्यात तीन सर होते, हिरवे, पांढरे, मधासारखे पिवळे. बाबा जाड चष्म्यातून कडी शोधत होते आणि ती दोनदा त्यांच्या बोटांतून निसटली.

कडी लागली. बाबा समोर आले आणि बघत राहिले. "तेव्हा मी मूर्खासारखं बोललो होतो गं," ते म्हणाले. "तुला किती शोभतंय!"

"पन्नास वर्षं लागली तुला कळायला!" आत्या म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

मग ती पहिल्या रांगेत माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, खांदे मागे टाकून, ताठ. फोटोवाला अजून कॅमेऱ्याशी खटपट करत होता. आत्यानं त्याला दम भरला, "आटप रे बाबा! कासवानं मान बाहेर काढलीय, परत आत जायच्या आधी फोटो काढ."

या वेळी सगळ्यांत आधी तीच हसली, आणि फोटो नेमका तेव्हाच निघाला.