ॲव्हिसचा दुसरा राउटर

ॲव्हिस फिट्झनर लग्नाआधी स्ट्रीकी बे या खाडीकाठच्या गावी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती. नवरा क्लेम कालवांची शेती करायचा. तीस वर्षं तो रोज सकाळी खाडीच्या पाण्याचं तापमान आणि खारटपणा मोजून वहीत लिहीत होता. तो गेल्यावर ॲव्हिस मुलाच्या, डॅरिलच्या, घरामागच्या दोन खोल्यांत राहायला आली आणि त्या वह्या कॉम्प्युटरवर उतरवायला बसली. मी त्यांच्याच शेडमध्ये कालवं निवडायची. चहा रोज ॲव्हिसकडे.

सून लिॲन कामसू, पण भारी घाईची. सासूचा कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून एकदा तिने न विचारता तो ‘साफ’ केला, त्यात तीन वर्षांच्या नोंदी गेल्या. पुढच्याच आठवड्यात पोर्ट लिंकनहून ॲव्हिसने स्वतःचा राउटर आणला, घरातल्या राउटरची वायर त्याला जोडली आणि आपला कॉम्प्युटर त्याच्या आड घेतला. इंटरनेट दोन्हीकडे चालू, पण घरातून सासूचा कॉम्प्युटर काही दिसेना. गेलेली तीन वर्षं तिने वह्या उघडून पुन्हा टाइप केली.

पुढे डॅरिलला खाडीच्या खोल बाजूला कालवांसाठी नवी जागा हवी होती. सरकारकडे करायच्या अर्जाबरोबर पाण्याच्या जुन्या नोंदी जोडायच्या होत्या आणि अर्ज लिॲन भरत होती. ॲव्हिस रोज पेन ड्राइव्ह घेऊन अंगण ओलांडायची. लिॲन घरातल्या कॉम्प्युटरवर चुका दुरुस्त करायची, ॲव्हिस आपल्याकडे करायची, आणि बघता बघता एकाच फाइलच्या सहा प्रती झाल्या. अर्ज परत आला. एकाच महिन्याचे आकडे दोन पानांवर वेगवेगळे होते. सुधारून द्यायला दोन आठवडे मिळाले.

डॅरिल म्हणाला, तो मधला डबा काढून टाकू, एकच नेटवर्क करू. ॲव्हिसने साफ नकार दिला. लिॲन ताटं उचलत म्हणाली, मग बस पेन ड्राइव्ह-पेन ड्राइव्ह खेळत.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर ॲव्हिस कागदावर दोन चौकोन काढून बसली होती. आपल्या राउटरच्या बाहेरून आत येता येत नाही, पण आतून बाहेर जाता येतं, हे तिला कळलं होतं. घरातल्या कॉम्प्युटरच्या नावाने शोधलं तर तो सापडत नव्हता. मग लिॲनकडून तिने त्याचा आकडी पत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस, मागून घेतला आणि तो टाकला. पासवर्ड विचारणारी चौकट उघडली.

म्हणजे मार्ग होता. पण फाइल ठेवावी लागणार होती लिॲनच्या कॉम्प्युटरवर, आणि तीही एकच. दोन दिवस ॲव्हिसने फाइल आपल्याकडेच ठेवली. तिसऱ्या दिवशी लिॲन स्वतःच मागच्या दारी आली.

“फोल्डर केलाय,” ती म्हणाली. “पासवर्ड तू ठरव. तुला विचारल्याशिवाय मी त्यातलं काही पुसणार नाही.”

“मागच्या वेळीही विचारलं असतंस तर.”

“हो. तेव्हा चुकलं माझं. सांगायला उशीर केला.”

ॲव्हिसने तिला आत बोलावलं. ती त्या घरात राहायला आल्यापासून पहिल्यांदा दोघी एका टेबलाशी कामाला बसलेल्या मी पाहिल्या. ॲव्हिस वहीतून आकडा वाचायची, लिॲन स्क्रीनवर तपासायची. पुढचे आठ दिवस असंच चाललं. इतर वेळी लिॲन तिकडून, ॲव्हिस इकडून तीच फाइल उघडायची. दोघींनी एकाच वेळी लिहायचं नाही एवढा एकच नियम, आणि तो मोडला की लिॲनला अंगणातून हाक ऐकू यायची: “बाहेर पड त्यातून, मी आत आहे.”

अर्ज मंजूर झाला. नव्या जागेत पहिल्या वर्षी कालवं बेताचीच निघाली, दुसऱ्या वर्षी चांगली. दुसरा राउटर ॲव्हिसने काढला नाही, लिॲननेही तो विषय पुन्हा काढला नाही. ॲव्हिस आणखी पाच वर्षं जगली. शेवटच्या वर्षी तिला अक्षरं नीट दिसेनाशी झाली, तेव्हा क्लेमसारखं रोज पाणी मोजायला होडीतून लिॲन जाऊ लागली, आणि दुपारी सासूच्या खोलीत येऊन दिवसाचे आकडे मोठ्याने वाचून दाखवायची.