खांडीच्या शेताची जबानी

हे मी आजवर कोणाला सांगितले नाही. बायकोला सांगायचे राहिले आणि ती गेली. मुलांना सांगावे असे दोनतीनदा मनात आले, पण तोंड उघडले की दुसरेच काही बोललो. पेन्शन घेऊन आता सात वर्षे झाली. ठाण्यात लोक अजून मला मास्तर म्हणतात. माझ्या हाताखालून गेलेले कचेरीतले कारकून रस्त्यात वाकून नमस्कार करतात, तेव्हा मला अंग चोरावेसे वाटते. मी एका माणसाची आठवण खोटी ठरवली. ती खरी होती, हे मला माहीत होते.

आगगाडी खाडी ओलांडून कल्याणकडे जाऊ लागली त्यानंतर काही वर्षांनी मी खाडीपलीकडच्या एका खेड्यात सरकारी शाळेवर लागलो. वय चोवीस. गाव आगऱ्यांचे. खाडीच्या खाजणात, म्हणजे भरतीचे पाणी चढते त्या दलदलीत, मातीदगडांचा लांब बांध घालून त्याच्या आत ते भात पिकवीत. बांधाला एक उघाडी होती. ओहोटीला तिचा लाकडी दरवाजा उघडून पावसाचे पाणी बाहेर सोडायचे आणि भरतीला तो बंद करून खारे पाणी अडवायचे. बांध टिकला तर गाव जेवत असे. तो फुटला आणि खारे पाणी शेतात बसले, तर तीनचार वर्षे त्या जमिनीत भाताची काडी उभी राहत नसे.

शाळा देवळाच्या पडवीत भरे. मला इतिहास शिकवायची फार हौस. राजांची नावे, गादीवर बसल्याची साले, लढाया, तह, सगळे मी मुलांकडून ओरडून पाठ करून घेई. एकदा एका मुलाचा बाप पडवीच्या कडेला चिखलाचे पाय खाली सोडून बसला आणि म्हणाला, "मास्तर, हे राजे आमचे भाताला काय उपेगाचे?" मुले हसली. मी त्याला अर्धा तास व्याख्यान दिले. मागे काय घडले ते ठाऊक असले की माणूस पुढे फसत नाही, असे मी म्हणालो. तो मान हलवत ऐकून गेला. त्याला पटले असे मी धरून चाललो.

उघाडी जुनी होऊन कुजली होती. सरकारातून ती नवी बांधायचे ठरले आणि ओव्हरसियर पाहणीला आला. त्याला ती जुन्या जागी नको होती. जुनी जागा गावापासून लांब, तिथपर्यंत गाडी जात नसे. अलीकडे, जिथे दगड भरलेले मचवे खाडीतून येऊन काठाला लागू शकत, तिथे बांधली तर काम सोपे होते. त्या जागेला लागून जे शेत होते त्याला सारे गाव खांडीचे शेत म्हणे. बांधाला भगदाड पडते त्याला तिकडे खांड म्हणतात. मी दोन वर्षे ते नाव ऐकत होतो. हे नाव का पडले, असा प्रश्न मला, इतिहासाच्या मास्तराला, एकदाही पडला नाही.

ते शेत ज्याचे होते तो म्हातारा गावात बांधाचा जाणता समजला जाई. नवी जागा ठरवण्याआधी त्याची जबानी कागदावर हवी होती. गावात लिहिणारा मी एकटाच, म्हणून कागद माझ्यापुढे आला.

म्हातारा बांधावर उकिडवा बसून सांगू लागला. माझ्या आजोबाच्या वयाचा, तरी मी त्याला अरेतुरे करत होतो, आणि तो मला अहोजाहो. त्याच्या आज्याचे लग्न झाले त्या पावसाळ्यात बांध इथेच फुटला होता. नवरी होडीत बसवून भाताच्या शेतावरून घरी आणली होती. पुढे त्याच्या बापाच्या हयातीत पुन्हा इथेच खांड पडली, आणि गोठ्यात बांधलेले दोन बैल बुडाले. खाली जुना ओहळ आहे, वरची माती कितीही चोपली तरी खालून पाणी वाट काढते, असे तो हाताने दाखवत होता. शेवटी म्हणाला, "पानी दोनदा इथनंच आयलाय. उघारी इथं नको."

ओव्हरसियरला जेवायला उशीर होत होता. तो मला म्हणाला, "मास्तर, पुराण नको. कोणत्या साली फुटला तेवढे विचारा."

मी विचारले. म्हाताऱ्याला साल सांगता येईना. तेव्हा राज्य कोणाचे होते, असे विचारले. तो जरा गोंधळून म्हणाला, राज्य कोणाचाबी असेल, बैल आमचे बुडाले. ओव्हरसियर हसला. मीही हसलो. त्या हसण्यात मला बरे वाटले, हे कबूल करतो. शिकलेल्या दोन माणसांनी मिळून हसावे तसे ते हसणे होते.

मी लिहिले की, बांध पूर्वी या जागी फुटल्याची खात्रीलायक माहिती नाही. त्या रात्री घरी नीट प्रत करताना ते वाक्य मला लांब वाटले. मुलांच्या निबंधातली वाक्ये छाटायची सवय होती, तसेच हेही छाटले. 'बांध या जागी कधी फुटला नाही' असे झाले. कोणी मला लाच दिली नाही, कोणी धाक घातला नाही. ज्याला साल नाही ते घडलेच नाही, असे मी मुलांना शिकवत होतो, आणि माझा त्यावर विश्वास होता.

सकाळी म्हातारा आला. जबानी वाचून दाखवून मग सही घ्यायची, अशी रीत. मी वाचली नाही. "तू सांगितलेस तेच लिहिले आहे," म्हणालो. त्याने टाक मुठीत धरला आणि शेतकरी काढतात तशी नांगराची निशाणी काढली. फार सावकाश, जीभ दातांत धरून, फाळ नीट टोकदार करून.

नवी उघाडी तिथेच बांधली गेली, आणि तिसऱ्या पावसाळ्यात श्रावणातल्या अवसेच्या उधाणाला ती दगडांसकट उखडून गेली. सकाळी मी पाहायला गेलो तेव्हा भातावर पाणी कमरेइतके होते आणि त्यात माणसे नुसती उभी होती. कोणी रडत नव्हते.

चौकशी झाली. साहेब देवळापुढे खुर्ची टाकून बसला, गाव समोर. ही जागा धोक्याची असे आम्ही सांगितले होते, असे लोक म्हणाले. साहेबाने दप्तरातून कागद काढवला आणि तो मोठ्याने वाचायला माझ्याच हातात दिला. मी वाचला. बांध या जागी कधी फुटला नाही. निशाणी नांगर, आणि म्हाताऱ्याचे नाव.

म्हातारा पुढे आला. कागदाकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाला, "मास्तर, त्यात तसाच लिवलाय?"

"हो," मी म्हणालो. "तसेच लिहिले आहे."

या उत्तरात एकही शब्द खोटा नव्हता. एवढे मोठे खोटे मी आयुष्यात पुन्हा बोललो नाही.

गावाने त्याला वाळीत टाकले. लग्नाकार्याला बोलावणे बंद झाले. त्याच्या विहिरीवर येणाऱ्या बायका दुसरीकडे जाऊ लागल्या. त्याने मचव्यावाल्यांशी संधान बांधून गाव बुडवला, असे लोक माझ्यादेखत बोलत, आणि मी पाटीवर सनावळी लिहीत बसे. वर्षभरात तो गाव सोडून कल्याणला लेकीकडे गेला. पुढे माझीही बदली कल्याणला झाली.

तिथे बंदराच्या वाटेवर त्याच्या लेकीचे घर होते. पहिल्यांदा मी त्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत फिरलो. दुसऱ्यांदा आत गेलो. तो ओट्यावर काथ्याची दोरी वळत बसला होता. मला बघून उठायला लागला. मी त्यांच्या घरचे पाणी पिणार नाही हे धरून लेकीने शहाळे फोडून आणले. आम्ही पावसाचे बोललो, भाताच्या भावाचे बोललो. मग दोरी बाजूला ठेवून तो म्हणाला, "मास्तर, मना वाटतं मीच त्या दिशी चुकीचा बोललू. म्हातारा मानूस. दोन डाव फुटला, कं फुटलाच नाय, आता मनाच नक्की ठाव नाय."

मी तेव्हाच बोलायला हवे होते. शहाळे हातात होते. तोंडून निघाले ते एवढेच, "वय झाले की होते असे."

त्याने मान डोलावली. त्या माणसाकडे त्याच्या आज्याच्या लग्नापासूनची आठवण होती आणि तीही मी काढून घेतली. शेत गेले, गाव गेले, त्याहून हे वाईट. आपण पाहिलेले, बापाकडून ऐकलेले, तेच खोटे असावे असे त्याला वाटू लागले होते, कारण कागद तसे म्हणत होता आणि कागद मास्तरांनी वाचला होता.

त्यानंतर मी तीस वर्षे इतिहास शिकवला. एकदोनदा मुलांना म्हणालो की घरी जाऊन आपल्या शेताचे नाव कशावरून पडले ते विचारून या. शाळा तपासणारे डेप्युटी परीक्षा घ्यायला आले, मुलांना लढायांची साले येईनात, मला समज मिळाली. मी ते बंद केले. इतिहास रोजच्या जगण्यात कामाचा आहे का, असे आता कोणी विचारले तर मी काय सांगू? कामाचा होता. बांधावर उकिडवा बसून तो मला सांगितला जात होता. पुस्तकातला इतिहास शिकून मी तो ऐकायला नालायक झालो होतो, आणि माझ्यासारखे आणखी किती मी तयार केले, ते मोजायची हिंमत होत नाही. खांडीच्या शेताला आता ते नाव राहिलेले नाही. सरकारी नकाशात त्याला नंबर आहे.

कल्याणला असतानाच म्हाताऱ्याकडे तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा ओट्यावर कोणी नव्हते. लेक बाहेर आली आणि म्हणाली की बाबा जाऊन महिना झाला. शेवटी शेवटी ते सारखे तिला विचारत की बांध फुटला होता का, आणि तिला काय ठाऊक असणार. ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली. तिला तरी सांगायला हवे होते. मी पोराबाळांची चौकशी केली आणि निघालो. पुढच्या वर्षी ते घरही तिथे नव्हते. कुठे गेली ते शेजाऱ्यांना सांगता आले नाही.

ओट्यावर बसून त्याला सांगायचे होते ते एवढेच होते: बाबा, बांध दोनदा फुटला होता, तिथेच फुटला होता. तुम्ही बरोबर सांगितले होते. मी ते लिहिले नाही. मला क्षमा करा.