एम्ब्रोज टिडमनच्या स्वयंपाकघरातली वाट

एम्ब्रोज टिडमनचं घर भेकांच्या वाटेवर होतं. वर रान, खाली तळं आणि बरोबर मध्ये त्याचं स्वयंपाकघर. मार्चमध्ये कुंपणाखाली फिकट पिवळी प्रिमरोज फुलली, ओढ्याकाठी रानलसणाचा वास सुटला, की पहिल्या ओल्या संध्याकाळी हे खडबडीत पाठीचे बेडूक अंडी घालायला तळ्याकडे निघत. पुढच्या दारातून आत, टेबलाखालून, मागच्या दाराने बाहेर. एम्ब्रोज दोन्ही दारं सताड उघडी ठेवून, ओव्हरकोट घालून जेवायला बसे. त्याने जन्मभर गावची बस चालवली होती आणि वाटेत येईल त्याला आधी जाऊ देण्याची त्याला सवय होती.

पोस्टातल्या हेस्टर प्लमला त्याने मागणी घातली. ती म्हणाली, "दारं बंद राहणार असतील, तरच."

तो कबूल झाला. त्या शनिवारी तिला चहाला बोलावलं. शेजारीण म्हणून मीही होते. पाऊस लागला होता आणि दारं बंद होती; एम्ब्रोजच्या अंगात मात्र सवयीने ओव्हरकोट होताच.

"घराला वळसा घालून जातील की," हेस्टर म्हणाली.

"जातीलही. आजवर कधी गेले नाहीत."

दारावर हलकेच थप्प झालं. मग आणखी एकदा.

"कोण आहे?"

"तेच."

"कधीपासून उभे आहेत?"

"तुम्ही केक कापलात तेव्हापासून."

मी खिडकीतून पाहिलं. पायरीवर एकामागे एक बसले होते. "रांग लावलीय," मी म्हटलं.

आमच्या गावात नावडत्या माणसालाही पावसात दाराबाहेर ताटकळत ठेवत नाहीत. हेस्टरने कप खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"हे बरं दिसत नाही, एम्ब्रोज. आपण आत केक खातोय." ती उठली आणि तिनेच दोन्ही दारं उघडली.

ते शिस्तीत आत आले. एका थोराड मादीच्या पाठीवर छोटा नर आरामात बसला होता.

"हा का चालत नाही?"

"तळं आलं की उतरतो."

"तुम्ही त्यातले नाही ना? आत्ताच सांगा."

"हेस्टर, मी बस चालवायचो. नुसता बसून कधी गेलो नाही."

हेस्टरने दोन्ही पाय खुर्चीच्या दांडीवर घेतले. "मग तो कोट द्या इकडे. दोन्हीकडून वारा येतोय."

एम्ब्रोजने अंगातला कोट काढून तिच्या खांद्यावर घातला आणि स्वतः कुडकुडत चहा ओतू लागला.